पीटीएसडी कोच अ‍ॅप: अ‍ॅक्सिडेंटनंतर सहा महिने वापरून सांगतेय

पाय नोव्हेंबरात मोडला, हाड जुळलं असं एक्सरेत फेब्रुवारीत दिसलं, पण नवले पुलावरून परत जायला मला एप्रिल उजाडला. पायासाठी ऑर्थोपेडिकचे डॉक्टर होते, फिजिओ होती, वॉकर होता, कॅल्शियमच्या गोळ्या होत्या. मनासाठी पहिले पाच आठवडे फक्त फोनमधलं एक फुकट अ‍ॅप होतं, पीटीएसडी कोच नावाचं (पीटीएसडी म्हणजे अपघातासारख्या भयंकर प्रसंगानंतर मनाला होणारा, लवकर न जाणारा त्रास). त्याबद्दल मराठीत नीट लिहिलेलं तेव्हा मला काही सापडलं नव्हतं आणि रात्री दोन वाजता मोबाईल हातात धरून हेच शोधत बसलेलं कुणीतरी आजही असणार, म्हणून सविस्तर लिहिते. लांबेल, पण वाचा.

काय झालं ते थोडक्यातच सांगते. मी धायरी फाट्याजवळ राहते, ऑफिस बावधनला, त्यामुळे बायपास आणि त्याचा सर्व्हिस रोड हा रोजचाच. पुणेकरांना सांगायला नको पण बाहेरच्यांसाठी सांगते, कात्रजच्या नवीन बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत मोठा उतार आहे आणि त्या उतारावर अवजड गाड्यांचे ब्रेक लागत नाहीत. २०२२ च्या नोव्हेंबरात तिथे एकाच संध्याकाळी चाळीसहून जास्त गाड्या एकमेकांवर आदळल्या होत्या. माझं तसं काही मोठं नव्हतं, एका पिकअपने मागून अ‍ॅक्टिव्हाला धक्का दिला, मी डाव्या अंगावर पडले आणि गाडी नडगीवर आली. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. ऑपरेशन करून रॉड टाकला आणि पाचव्या दिवशी घरी सोडलं.

डिस्चार्जच्या कागदावर सगळं होतं, ड्रेसिंगची तारीख, कुठली गोळी जेवणाआधी, पायावर भार कधी टाकायचा. पण पुढच्या काही आठवड्यांत झोप उडेल, दचकायला होईल, तोच प्रसंग डोळ्यासमोर परत परत येईल, हे नॉर्मल आहे आणि महिनाभराने कमी झालं नाही तर अमुक ठिकाणी या, ही एक ओळ नव्हती. मला नुसती ती ओळ कुणी दिली असती तरी अर्धी भीती कमी झाली असती, कारण मला खरंच वाटत होतं की पायाबरोबर माझं डोकंही गेलं. आमच्या बिल्डिंगला हायवेचा आवाज रात्रभर येतो. ट्रकने एअर ब्रेक मारला की तो फुस्सकन आवाज यायचा आणि माझं अख्खं अंग आखडायचं, घाम फुटायचा, आणि रॉड टाकलेला पाय ठणकायला लागायचा. नवरा म्हणायचा, अगं तू घरात आहेस, चौथ्या मजल्यावर आहेस. मला ते कळत होतं, पण अंगाला कळत नव्हतं.

सासूबाईंनी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली आणि रात्री उशाशी बसून राहिल्या, त्यांचा तो हात डोक्यावर असला की खरंच झोप लागायची. शेजारच्या काकूंनी त्यांच्याकडच्या झोपेच्या गोळ्यांमधली अर्धी देऊ केली, तीही मायेनेच. ती मी घेतली नाही आणि नंतर वाचलं ते बरं झालं असं वाटलं, कारण अशा प्रसंगानंतर पहिल्या महिन्यात झोपेसाठी किंवा घबराटीसाठी बेन्झोडायझेपिन गटातल्या गोळ्या देऊ नयेत असं जागतिक आरोग्य संघटनेनेच २०१३ मधे सांगितलंय. तुम्हाला डॉक्टरांनी आधीपासून काही चालू केलेलं असेल तर मात्र माझं ऐकून बंद करू नका, त्यांनाच विचारा.

अ‍ॅप मला मावसबहिणीने पाठवलं, ती नर्स आहे. मेसेज एवढाच होता, "ताई, इंग्रजीत आहे पण सोप्पंय, एकदा बघ." नाव पीटीएसडी कोच. अमेरिकेत माजी सैनिकांसाठी जो सरकारी विभाग आहे त्यांच्या पीटीएसडी केंद्राने ते २०११ मधे काढलं. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीवर आहे, पूर्ण मोफत, जाहिराती नाहीत, नाव-ईमेल टाकून अकाउंट उघडावं लागत नाही आणि तुम्ही जे काही भरता ते फोनमधेच राहतं. हे शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटलं, कारण अशा वेळी माणूस काय काय लिहितं ते कुठल्या कंपनीकडे जावं असं कुणालाच वाटणार नाही.

आत चार भाग आहेत. लर्न म्हणजे माहिती, ट्रॅक प्रोग्रेस म्हणजे प्रश्नावली आणि आलेख, मॅनेज सिम्प्टम्स म्हणजे आत्ता त्रास होतोय तर आत्ता काय करायचं ते, आणि गेट सपोर्ट म्हणजे मदत कुठे मिळेल. सगळ्यात जास्त वापरला तो तिसरा. तिथे आधी विचारतात काय होतंय, आठवण झाली का, झोप येत नाही का, राग येतोय का, सगळ्यांपासून तुटल्यासारखं वाटतंय का. मग शून्य ते दहा असा एक थर्मामीटर येतो, त्यावर त्रास किती ते दाखवायचं, मग ते एखादा व्यायाम देतात आणि तो झाल्यावर परत थर्मामीटर. पहिल्यांदा मला हे बालिश वाटलं होतं, दहाचा नऊ झाला तर काय मोठं. पण आठ दिवसांत कळलं की दहाचा नऊ होतो हे स्वतःच्या डोळ्यांनी बघणं हेच औषध आहे. त्याआधी मला वाटायचं की एकदा सुरू झालं की आता हे थांबणारच नाही.

पण पहिल्या आठवड्यात मी एक चूक केली ती तुम्ही करू नका. मी अ‍ॅप फक्त घबराट झाली की उघडायचे, आणि तेव्हा हात थरथरत असतात, इंग्रजी डोक्यात शिरत नाही, श्वास मोजायला गेलं की अजून गुदमरल्यासारखं होतं. मग बहिणीने फोन करून सांगितलं की ताई, पोहणं बुडताना शिकत नाहीत. तेव्हापासून दुपारी जेवण झाल्यावर, पोळ्यांच्या मावशी येऊन गेल्या की, घर शांत असताना दहा मिनिटं रोज करायला लागले. श्वासाचा व्यायाम तर अगदी साधा आहे, आत घ्यायचा त्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ द्यायचा, सावकाश. दोन आठवड्यांनी तो इतका अंगवळणी पडला की रात्री फोन न उघडता आपोआप व्हायला लागला.

स्नायू आखडून सोडायचा जो व्यायाम आहे त्याबद्दल मात्र जपून. तो पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत एकेक भाग घट्ट करून सैल सोडायचा असतो, आणि ज्यांचं हाड मोडलंय किंवा टाके आहेत त्यांनी तो भाग सरळ वगळावा. मी फिजिओला विचारलं तर ती म्हणाली डावा पाय अजिबात आखडायचा नाही, बाकी सगळं कर. अ‍ॅप सगळ्या प्रकारच्या आघातांसाठी आहे, त्यामुळे शरीराची दुखापत असलेल्या माणसाने अशा गोष्टी स्वतःच्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. कल्पनेतल्या शांत जागांचे ऑडिओ आहेत त्यात गावाकडच्या रस्त्याचा एक आहे, तो मी घेतला नाही, समुद्र आणि जंगल एवढेच ऐकले. शिवाय आपले फोटो आणि गाणी टाकायची सोय आहे, तिथे मी आमच्या वेल्ह्याच्या शेतातला फोटो टाकला, भातलावणीच्या दिवसातला, आणि तो बघितला की बाकी काही करावंच लागायचं नाही असं काही वेळा झालंय.

माझ्यासाठी सगळ्यात कामाचा व्यायाम म्हणजे ज्याला ते रिड म्हणतात. आधी सैल व्हायचं, मग कशामुळे ते आठवलं ते ओळखायचं आणि तेव्हा आणि आत्ता यात वेगळं काय आहे ते बघायचं, मग आत्ता काय करायचं ते ठरवायचं. म्हणजे ट्रकचा आवाज आला. तेव्हा मी रस्त्यावर होते, आता गादीवर आहे. तेव्हा डिझेलचा वास होता, आता खोलीत निलगिरीच्या तेलाचा आहे. तेव्हा एकटी होते, आता शेजारी मुलगी झोपलीये, तिच्या पायाचा तळवा माझ्या हाताला लागतोय. मग ठरवायचं, उठून पाणी प्यायचं. बस्स एवढंच. नवरा जे रोज सांगत होता तेच हे, फक्त इथे ते माझं मी शोधत होते आणि म्हणून ते अंगाला पटत होतं.

इथे एका दुसऱ्या अनुभवाबद्दल लिहायलाच हवं. अ‍ॅप सुरू करायच्या आधी, साधारण दहाव्या दिवशी, मी एका ऑनलाइन ट्रॉमा हीलिंग कोर्सला पैसे भरले होते. नाव देत नाही. पहिल्याच झूम सेशनला तीस-एक माणसं होती आणि प्रत्येकाने आपला प्रसंग बारीकसारीक तपशिलासह सांगायचा, जितकं रडाल तितकं बाहेर पडेल असं. मी सांगितलं, आणि त्याहून वाईट म्हणजे इतरांचे प्रसंग ऐकले, आणि पुढच्या दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. तेव्हा वाटलं माझ्यातच काही कमी आहे. नंतर कळलं की प्रसंगानंतर लगेच सगळ्यांना एकदा बसवून सगळं बोलायला लावायचं, ज्याला डीब्रीफिंग म्हणतात, त्याने पीटीएसडी टळत नाही हे संशोधनातून कधीच पुढे आलंय, आणि उपचार कसे करावेत याचा सल्ला देणारी ब्रिटनची नाइस ही संस्था २००५ पासून ते सरसकट करू नका असं सांगतेय. स्वतःहून कुणाशी बोलावंसं वाटलं तर जरूर बोला, मी सासूबाईंशी बोललेच. पण बोलायला भाग पाडणं वेगळं. पोलीस स्टेशनला जबाब द्यायला लागतो, इन्शुरन्सवाल्यांना सांगायला लागतं, ते टळत नाही, पण त्याच्या आधी पाच मिनिटं श्वासाचा व्यायाम करून गेले तेव्हा बाहेर आल्यावर मला रडू आलं नाही.

आता संशोधनाचं सांगते, कारण अ‍ॅपने पीटीएसडी टळतो असं मी म्हटलं तर ते खोटं होईल. याच अ‍ॅपची अमेरिकेत १२० जणांवर चाचणी झाली, ती २०१७ मधे छापून आली, आणि तीन महिने अ‍ॅप वापरलेल्यांचा त्रास, अ‍ॅप न मिळता नुसती वाट बघणाऱ्यांपेक्षा जास्त कमी झाला होता. पण त्या लोकांना आधीपासून त्रास होता. नुकत्याच जखमी झालेल्या माणसांना लगेच ऑनलाइन मदत दिली तर काय होतं हे बघायला अ‍ॅमस्टरडॅममधे ट्रॉमा टिप्स नावाचा साधारण अर्ध्या तासाचा ऑनलाइन कार्यक्रम ३०० पेशंटवर करून बघितला, तो २०१३ मधे प्रसिद्ध झाला. सगळ्यांचा मिळून हिशोब केला तर नेहमीच्या उपचारांपेक्षा वेगळा फायदा दिसला नाही. ज्यांची सुरुवातीची लक्षणं तीव्र होती त्यांच्यात मात्र वर्षभराने फरक दिसला. हे वाचून मी आधी निराश झाले, मग विचार केला की हे तर साहजिकच आहे, बऱ्याच लोकांचा त्रास पहिल्या काही आठवड्यांत आपोआप ओसरतो, त्यांना कशाचीच गरज नसते. आणि ज्याला गरज आहे त्याला एकदा लिंक देऊन मोकळं होणं पुरणार नाही, मला सुद्धा बहिणीचा तो दुसरा फोन आला नसता तर मी अ‍ॅप उडवून टाकलं असतं.

महिना हा आकडा लक्षात ठेवा. पहिल्या महिन्यात जे होतं त्याला डॉक्टर पीटीएसडी म्हणत नाहीत, लक्षणं महिन्याहून जास्त टिकली आणि त्यामुळे रोजचं जगणं अडायला लागलं की मग तो विचार सुरू होतो. अ‍ॅपमधली प्रश्नावली वीस प्रश्नांची आहे, प्रत्येकाला शून्य ते चार, म्हणजे एकूण ८० पैकी. साधारण ३१ ते ३३ च्या पुढे गेलात तर तज्ज्ञाला दाखवा असा संकेत आहे, निदान नाही. मी पाचव्या आठवड्यात भरली तेव्हा ४३ आले. आकडा बघून रडले पण त्याच आकड्यामुळे मी १४४१६ ला फोन केला. ही टेली मानस, केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट. मराठीत बोलता आलं. पलीकडच्या बाईंनी घाई केली नाही, झोप, जेवण, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, सगळं शांतपणे विचारलं आणि प्रत्यक्ष जाऊन भेटा असं सांगितलं. ससूनला मानसोपचाराची ओपीडी आहे, तिथेही जाता येतं, मी घराजवळच्या एका सायकॉलॉजिस्टकडे गेले. (मेडिक्लेम असेल तर विचारून बघा, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही विम्याची सोय असली पाहिजे असं लिहिलंय.)

त्या सायकॉलॉजिस्ट मॅडमनी अ‍ॅप बंद करायला सांगितलं नाही, उलट थर्मामीटर तसाच ठेवला आणि त्यावरच पुढचं काम केलं. तोपर्यंत माझं एक फार वाढलं होतं, टाळणं. चालायला लागल्यावर सुद्धा मी बायपास टाळायचे, नवऱ्याला सिंहगड रोडने राजाराम पुलावरून कर्वेनगरमार्गे फिरवून न्यायला लावायचे, बातम्यांमधे अपघात आला की टीव्ही बंद, बाल्कनीचा पडदा कायम ओढलेला. लर्नमधे टाळण्याबद्दल वाचलेलं होतं, की त्याने तेवढ्यापुरतं बरं वाटतं पण भीती तिथेच राहते, पण वाचणं आणि करणं यात फार अंतर आहे हो. मॅडमनी पायऱ्या करून दिल्या. पहिली, पडदा उघडून बाल्कनीतून हायवेकडे बघत दहा मिनिटं बसायचं, थर्मामीटर सात. चार दिवसांनी तीन. मग रिक्षाने वडगावपर्यंत. मग सर्व्हिस रोडच्या कडेला नवऱ्याचा हात धरून नुसतं उभं राहायचं, हे सगळ्यात अवघड गेलं, पहिल्या दिवशी दोन मिनिटांत परत आले आणि दुसऱ्या दिवशी जायचंच नाही म्हणून घरात भांडले.

मग एप्रिलमधे पीएमपीएमएलने वारज्यापर्यंत. बस नवले पुलावर आली तेव्हा माझा आकडा आठ होता, तळहात ओले, समोरच्या सीटची दांडी घट्ट धरलेली. बाजूला एक आजी बसल्या होत्या, मांडीवर मेथीच्या जुड्यांची पिशवी, त्यांनी काही न विचारता खिडकी जराशी उघडली. मी मेथीच्या वासावर लक्ष ठेवलं, पानं मोजली, तेव्हा आणि आत्ता केलं. वारज्याला उतरले तेव्हा चार होता. तिथेच स्टॉपवर उभं राहून फोनमधे भरला तो चार. मार्चमधे प्रश्नावलीत २८ आले होते, मे मधे १४. अ‍ॅक्टिव्हावर अजून बसले नाहीये, मागे बसून धायरी गावापर्यंत जाऊन आले एवढंच.

यातलं किती अ‍ॅपमुळे, किती मॅडममुळे आणि किती नुसते दिवस गेल्यामुळे ते मला वेगळं काढता येणार नाही. पण पहिल्या पाच आठवड्यांच्या रात्री माझ्याकडे धरायला काहीतरी होतं ते या अ‍ॅपमुळेच, आणि माझा आकडा मला दिसला तोही त्याच्यामुळेच. ते मूळ तिकडच्या माजी सैनिकांसाठी बनवलंय हे लक्षात ठेवून वापरायचं. मदतीचे नंबर अमेरिकेतले आहेत, म्हणून गेट सपोर्टमधे स्वतःची माणसं टाकायची सोय आहे तिथे मी आधी १४४१६ टाकला, मग नवरा, मग बहीण. दुखण्याबद्दल, परावलंबी झाल्याबद्दल, आंघोळीला सुद्धा कुणीतरी लागतं त्या लाजेबद्दल वेगळं काही मिळेल अशी अपेक्षा नको. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, किंवा दारूवाचून झोप येत नसेल, तर अ‍ॅपवर थांबू नका, लगेच फोन करा.

आणि मराठी नाही, याचं मला सगळ्यात वाईट वाटतं. मला ऑफिसमुळे इंग्रजी जमतं, पण हॉस्पिटलमधे शेजारच्या कॉटवर वेल्ह्याकडचा एक ऊसतोडीला जाणारा मुलगा होता, ट्रॅक्टरखाली पाय गेलेला, रात्री ओरडून उठायचा, त्याला हे अ‍ॅप देऊन काय उपयोग. इथल्या एखाद्या मेडिकल कॉलेजने हे काम मनावर घ्यावं, आवाज मराठीत करावेत, डिस्चार्जच्या कागदावर एक कोड छापावा. तोपर्यंत म्हणून बहिणीने आणि मी मिळून तीन व्यायाम मराठीत रेकॉर्ड केलेत, श्वासाचा, तेव्हा आणि आत्ताचा, आणि मोडलेला भाग वगळून अंग सैल सोडायचा. आवाज तिचा आहे. सासूबाई पण दुपारी ऐकतात. पहिल्या रेकॉर्डिंगमधे मधेच कुकरची शिट्टी आली होती आणि मी दर वेळी तिथे दचकायचे, म्हणून तिने रविवारी गॅस बंद ठेवून सगळं परत केलं. ज्यांना हवंय त्यांनी खाली सांगा, पाठवते.